ब्राउन ब्रेड आणला, गूळ आणला, तरी साखर का वाढली?

प्रश्न: माझ्या यजमानांचं वय ५२. सहा महिन्यांपूर्वी त्यांचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, ‘मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, खाणं सुधारा’ एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून मी घरातला मैदा आणि साखर बंद केली. दोन्ही जेवणांत पूर्वी तीन पोळ्या असायच्या, आता ज्वारीच्या दोन भाकरी असतात. न्याहारीला ब्राउन ब्रेडचे चार स्लाइस. चार वेळचा चहा गुळाचा. संध्याकाळी डायजेस्टिव्ह बिस्किटं नाहीतर खजुराचे दोन लाडू. पांढऱ्या तांदळाऐवजी ब्राउन राइस, तोही कितीही शिट्ट्या केल्या तरी कडक राहतो. शनिवारच्या उपासाला साबुदाणा. एवढं करून परवा एचबीए१सी ६.४ आलं आणि वजनही दीड किलोनं वाढलं. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, या बदलांमुळे त्यांचं पोट सतत फुगलेलं असतं. नणंद म्हणते, रिफाइंड तेल सोडून घाण्याचं तेल आणा. आमचं नेमकं कुठे चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, सगळं चुकलेलं नाही. मैदा गेला हे उत्तमच झालं. पण तुम्ही पदार्थ बदलले आणि त्याबरोबर प्रमाणही बदललं, ते नजरेतून सुटलं. आधी भाकरीचा हिशोब करू, कारण सर्वांत मोठी गफलत तिथेच आहे.

घरची मध्यम पोळी साधारण २५ ग्रॅम कणकेची असते. तीन पोळ्या म्हणजे ७५ ग्रॅम. ज्वारीची परातभर थापलेली भाकरी सहज ७० ग्रॅम पिठाची होते, दोन भाकरी म्हणजे १४० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक जेवणात ६५ ग्रॅम, दिवसाला १३० ग्रॅम पीठ जास्त पोटात जातंय. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३५ उष्मांक असतात. त्या हिशोबानं रोजचे चारशेहून अधिक उष्मांक नुसत्या भाकरीतून वाढले. वजनाचा दीड किलो इथून आला असेल, तर त्यात नवल नाही.

बरं, तेवढ्याच वजनाच्या पिठात भाकरीनं फायबर तरी वाढलं का? नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११.४ ग्रॅम फायबर असतं, ज्वारीत १०.२, बाजरीत ११.५, नाचणीत ११.२ आणि मैद्यात फक्त २.८. मैदा आणि बाकीची पिठं यांच्यात चौपट अंतर आहे, पण गव्हाची कणीक आणि ज्वारी एकाच पंगतीत बसतात. मैद्याच्या पावाऐवजी भाकरी खाणं हा मोठा बदल. पोळीऐवजी भाकरी खाणं हा चवीचा बदल, तोही मोजून खाल्ली तर.

कणकेचं फायबर टिकतं ते मात्र चाळणीवर अवलंबून असतं. गव्हाच्या दाण्यात सुमारे १४ टक्के कोंडा, अडीच-तीन टक्के अंकुर आणि बाकी पिठूळ गाभा असतो. फायबर, बी गटातली जीवनसत्त्वं, लोह, मॅग्नेशियम यांचा मोठा वाटा कोंडा आणि अंकुरात असतो. मैदा म्हणजे ते दोन्ही काढून उरलेला गाभा. घरी बारीक चाळणीनं कणीक चाळून कोंडा टाकून दिला की तुम्ही हळूहळू मैद्याकडेच निघालेल्या असता. खडे, किडे पाहायचे तर गहू निवडतानाच पाहा. चाळायचंच असेल तर मोठ्या भोकांची चाळणी वापरा आणि वर राहिलेला कोंडा परत पिठात मिसळा. गिरणीत पीठ अगदी मऊ दळून मागू नका. दाणा जितका बारीक होतो, तितकं त्यातलं पिष्ट लवकर पचतं आणि रक्तातली साखर लवकर चढते. अख्खा गहू, दलिया, जाडसर कणीक आणि मऊसूत कणीक या चारही गोष्टी एकाच धान्याच्या आहेत, पण शरीरात त्यांचा वेग वेगळा असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशन यांच्या देशव्यापी पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे दिवसाचे सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, हे त्यात दिसलं. तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारं निरीक्षण त्यापुढचं आहे. पांढऱ्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी अख्खा गहू वा भरडधान्य घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. त्यातली थोडी कर्बोदकं काढून तिथे डाळी, दूध-दही यांची प्रथिनं आली की धोका कमी दिसला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारणाचा पक्का पुरावा तिला म्हणता येणार नाही. तरी तुमच्या घरात जे घडलं त्याच्याशी ते तंतोतंत जुळतं. तुम्ही धान्याच्या जागी धान्यच आणलंत.

आता गूळ. इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण गुळाच्या बाबतीत सुशिक्षित घरांतही फार भाबडेपणा आहे. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि ती जवळजवळ सगळी साखरच. लोह सुमारे साडेचार मिलिग्रॅम. म्हणजे एका कपातल्या १० ग्रॅम गुळातून अर्धा मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, आणि चहातले टॅनिन त्यातलंही बरंचसं शोषू देत नाहीत. शिवाय गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून हात सैल सुटतो. पूर्वी कपाला चमचाभर, ५ ग्रॅम साखर असेल आणि आता १० ग्रॅम गूळ पडत असेल, तर चार कपांत साखर २० वरून ३४ ग्रॅमवर गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. या हिशोबात गूळ, मध, काकवी सगळं धरतात. चहा दोन कपांवर आणा, गोडी दर आठवड्याला पाव चमच्यानं कमी करत अर्ध्या चमच्यापर्यंत या. एकदम बंद केलं तर चौथ्या दिवशी पुन्हा जुनं प्रमाण सुरू होतं.

खजूर हे अख्खं फळ आहे, त्यात फायबरही आहे. पण त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग साखर असतो. चाळीस-चाळीस ग्रॅमचे दोन लाडू खाल्ले की सरळ ५० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. चारच्या भुकेला मूठभर फुटाणे आणि एक पेरू ठेवा. शंभर ग्रॅमच्या पेरूत साडेसात-आठ ग्रॅम फायबर असतं.

ब्रेड आणि बिस्किटांच्या बाबतीत पाकीट उलटं करायची सवय लावा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. ‘ब्राउन’ या शब्दावरून काहीच कळत नाही, रंग कॅरमेलनंही येतो आणि तो यादीत १५० या क्रमांकानं दिसतो. पहिला घटक ‘रिफाइंड गव्हाचं पीठ’ किंवा ‘मैदा’ असेल तर तो ब्रेड मैद्याचाच. पहिला घटक ‘अख्ख्या गव्हाचं पीठ’ किंवा ‘आटा’ असला आणि पोषणतक्त्यात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम किंवा त्याहून जास्त फायबर दिसलं, तरच घ्या. त्यातही दोन स्लाइस पुरेत, सोबत उकडलेलं अंडं किंवा पनीर. डायजेस्टिव्ह आणि नाचणीच्या बिस्किटांनाही हीच फूटपट्टी. नाव नाचणीचं, पण यादीत आधी मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी त्यांच्याही मागे, असं बऱ्याचदा सापडतं. ‘मल्टिग्रेन’ आट्याच्या अनेक पाकिटांत गहूच नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी पाच-सहा धान्यं उरलेल्या दहात.

अशा कारखानदारी पदार्थांचं आणखी एक दुखणं म्हणजे ते भराभर खाल्ले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दवाखान्यात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. ताटात मांडलेले उष्मांक, साखर, मीठ, फायबर दोन्हीकडे सारखं होतं, हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं. २०१९ चा हा प्रयोग लहान होता, तरी नेटका होता.

ब्राउन राइसवर आम्ही तुमच्याइतकी शक्ती खर्च केली नसती. पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅमला २.८ ग्रॅम फायबर, ब्राउनमध्ये ४.४. एका माणसाच्या एका वेळच्या भाताला ५० ग्रॅम तांदूळ धरला, तर फरक जेमतेम पाऊण ग्रॅमचा. वरच्या एका पेरूत याच्या दहापट फायबर आहे. ब्राउनमध्ये बी१ आणि मॅग्नेशियम जास्त असतं हे खरं, पण त्यासाठी घरात रोज वाद नको. आवडत असेल तर असा करा: धुऊन किमान चार तास भिजवा, एक वाटीला अडीच वाट्या पाणी घाला, कुकरला पहिली शिट्टी झाली की आच मंद करून २० मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. नुसत्या शिट्ट्या वाढवून तो शिजत नाही, कारण वरच्या कोंड्याच्या थरातून पाणी आत जायला वेळ लागतो. पांढऱ्या तांदळात मिसळून एकत्र लावू नका, एक गिच्च होतो आणि दुसरा टचटचीत राहतो. अंकुरातल्या तेलामुळे हा तांदूळ खवट होतो, म्हणून एका वेळी किलो-दोन किलोच आणा.

कोकण-गोव्याच्या पेजेचा उकडा तांदूळ हा मधला मार्ग आहे. भात टरफलासकट भिजवून उकडल्यामुळे कोंड्यातलं बी१ दाण्याच्या आत उतरतं आणि नंतर कोंडा काढला तरी बरंचसं टिकतं. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांना पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या आणि कोंडा दिल्यावर बऱ्या होताना दिसल्या. बी१ च्या शोधाची वाट तिथून निघाली आणि १९२९ चं नोबेल त्यांना मिळालं. तुमच्या सासूबाईंना उकड्या तांदळाची पेज ब्राउन राइसपेक्षा कितीतरी सोसेल.

मग ताटात करायचं काय? यजमानांच्या एका जेवणात एक भाकरी (६० ग्रॅम पीठ) किंवा दोन पोळ्या, शिजवलेला भात अर्धी वाटी, घट्ट वरण किंवा उसळ एक भरलेली वाटी, भाजी दोन वाट्या (बटाटा त्यात धरू नका), कोशिंबीर आणि ताक किंवा दही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आठ दिवस वापरा, मग हाताला अंदाज येतो. आधी कोशिंबीर-भाजी-उसळ आणि शेवटी भाकरी-भात असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. फुकटची युक्ती आहे, करून बघायला हरकत नाही.

खरा बदल उसळीत आहे. अख्ख्या मुगात १०० ग्रॅमला १७ ग्रॅम फायबर आणि साडेबावीस ग्रॅम प्रथिनं असतात. माणशी ३० ग्रॅम कोरडे मूग, मटकी, चवळी किंवा मसूर धरले तर पाच ग्रॅम फायबर आणि सात ग्रॅम प्रथिनं पडतात. चौघांना १२० ग्रॅम, म्हणजे साधारण पाऊण वाटी कडधान्य. रात्री आठ तास भिजवा, सकाळी पाणी ओतून फडक्यात बांधा, उन्हाळ्यात बारा तासांत आणि थंडीत चोवीस तासांत मोड येतात. मोड फार लांब होऊ देऊ नका, उसळ तुरट लागते. फडकं चिकट झालं किंवा आंबूस वास आला तर ते कडधान्य टाकून द्या. भिजवण्यानं आणि मोडांनी फायटिक आम्ल कमी होतं. कोंड्यातलं आणि कडधान्याच्या सालातलं हेच आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं. वरून लिंबू पिळा, आणि जेवणानंतर तासभर चहा नको.

कणकेतही कडधान्य घालता येतं. ४ किलो गव्हात १ किलो हरभरे सालासकट घालून जाडसर दळून आणा. पोळी थोडी फुटीर होते, म्हणून कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा पाणी सावकाश पितो, घाईनं लाटलं तर कडा फाटतात. पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचं दळू नका. बाजरीचं पीठ तर आठवडाभराचंच. तिच्यातलं तेल लवकर खवट होतं आणि पीठ कडू लागतं.

लहान भाकरी थापताना तुटत असेल तर पीठ जुनं झालंय, त्याची विरी (चिकटपणा) गेलीय. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ धरून ठेवतं ते उकडलेलं पिष्ट. वाटीभर पिठात पाऊण वाटी उकळतं पाणी घालून कालवा, दहा मिनिटं झाका आणि मग तळहातानं तीन-चार मिनिटं चांगलं मळा. तव्यावर टाकली की लगेच वरून पाणी फिरवा आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटा. सुकू दिलं तर भेगा पडतात.

शनिवारचा साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट, प्रथिनं आणि फायबर नावापुरतं. मैद्याला घरात बंदी आणि साबुदाण्याला पाट, हे काही जुळत नाही. उपास मोडायची गरज नाही. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, त्यात किसलेली काकडी, सोबत दही आणि शेंगदाण्याची आमटी करा. भगर साबुदाण्यापेक्षा बरी, पण तीही कोंडा काढलेलीच असते, म्हणून वाटीभरच. खिचडी फारच हवी असेल तर महिन्यातून एकदा, आणि त्यात साबुदाण्याइतकं दाण्याचं कूट.

तेलाबद्दल नणंदेला सांगा की ग्रॅमला ९ उष्मांक दोन्ही तेलांत सारखेच. रिफाइनिंगमध्ये वास, रंग, थोडं ई जीवनसत्त्व जातं. घाण्याच्या तेलात ते राहतं, पण शेंगदाणे बुरशीचे असतील तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही राहतं, जे रिफाइनिंगच्या क्षारप्रक्रियेत बहुतांशी निघून जातं. म्हणून घाण्याचं घ्यायचं तर दाणे निवडून गाळणाऱ्या खात्रीच्या माणसाकडूनच. चौघांना महिन्याला तीन लिटरच्या आत तेल पुरवणं हे तेल कोणतं यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

सासूबाईंना यजमानांचा आहार लावू नका. त्यांना साखरेचा त्रास असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. एकदम फायबर वाढलं की मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. आतड्याला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आठवडाभर त्यांना पूर्वीचा भात, मऊ पोळी, मूगडाळ द्या. नंतर पाव वाटी मऊ शिजवलेली, हिंग-आलं घातलेली मुगाची उसळ दुपारी सुरू करा आणि दर आठवड्याला पाव वाटीनं वाढवा. हरभरा, राजमा, पावटा सध्या नको. कच्च्या कोशिंबिरीऐवजी दुधी, पडवळ, लाल भोपळा. पाणी दिवसभरात सहा-सात पेले हवंच, नाहीतर फायबरनं उलट मलावरोध होतो. थायरॉइडची गोळी असेल तर ती उपाशीपोटी घेऊन न्याहारी अर्ध्या ते एक तासानं करा, कोंड्याचं अन्न गोळीचं शोषण कमी करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर उसळी आणि अख्खी धान्यं वाढवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा तीन आठवड्यांनीही पोट फुगणं थांबलं नाही, तर खाण्यात फेरफार करत बसू नका, तपासून घ्या.

यजमानांचं एचबीए१सी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. त्याआधी केल्यास जुन्या तांबड्या पेशींचा आकडा मिसळतो, कारण पेशी सुमारे १२० दिवस जगते. ०.१-०.२ चा फरक तपासणीतलाही असू शकतो, ६.१ वरून ६.४ मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस दोन भाकरींच्या जेवणानंतर आणि दुसऱ्या दिवशी वर दिलेल्या ताटानंतर, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. एचबीए१सी ६.५ किंवा त्याच्या वर गेलं तर ते निदान मधुमेहाचं आहे आणि गोळीचा निर्णय त्यांचा. गोळी सुरू झाली तर ताटातली भाकरी आणखी कमी करण्यापूर्वी त्यांना सांगा, काही गोळ्यांबरोबर कर्बोदकं अचानक घटली की साखर धोकादायक खाली जाते.